जॉर्ज वॉलेस : हृदयपरिवर्तन आणि मताधिकार

आपल्या अभ्यासवर्गांत एक प्रश्न मला वारंवार विचारला गेला आहे. विचारणारा बहुधा कॉलेजात शिकणारा तरुण असतो. "सर, वरच्या जातीचा माणूस मनापासून बदलू शकतो का?" पूर्वी मी या प्रश्नाचे उत्तर ताबडतोब देत असे. "नाही" म्हणून मोकळा होत असे. अमेरिकेतील अलाबामा राज्याचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस याचे चरित्र वाचल्यापासून मात्र मी एवढ्या झटपट उत्तर देत नाही. मी आधी त्या तरुणाला वॉलेसची हकिगत सांगतो आणि मग म्हणतो, तुझा प्रश्नच थोडा बदलून घे. माणूस बदलतो का, हे विचारू नकोस. तो केव्हा बदलतो, ते विचार.

ही हकिगत आपल्याला अगदी परकी नाही. दलित पँथर या नावातला पँथर ज्या मातीतून निघाला, ती माती वॉलेसच्याच राज्यातली आहे. तो धागा पुढे येईलच. प्रथम माणूस समजून घेऊ.

१

एक खुलासा आधी केला पाहिजे. अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. तो लोकांच्या मतांनी थेट निवडून येतो आणि राज्याचा कारभार प्रत्यक्ष चालवतो. राज्याचे पोलीस त्याच्या हाताखाली असतात. म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा, पण विधिमंडळातल्या बहुमतावर अवलंबून नसलेला. असा अधिकार वॉलेसने चार वेळा निवडून येऊन एकूण सोळा वर्षे भोगला.

अलाबामा हे दक्षिणेतले कापूस पिकवणारे राज्य. गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेची राज्ये १८६१ साली फुटून निघाली, तेव्हा त्यांची पहिली राजधानी अलाबामातील मॉंटगोमेरी ही होती. यादवी युद्धात दक्षिण हरली आणि गुलाम मुक्त झाले. १८७० च्या घटनादुरुस्तीने काळ्या पुरुषांना मताचा हक्कही मिळाला. परंतु १९०१ साली अलाबामाच्या गोऱ्या पुढाऱ्यांनी राज्याची नवी घटना केली आणि तो हक्क काढून घेतला. काळ्यांना मत नाही, असे त्यांनी कोठेही लिहिले नाही. त्यांनी फक्त अटी घातल्या. मतदाराला लिहिता-वाचता आले पाहिजे, त्याच्यापाशी मालमत्ता पाहिजे, त्याने मतदान-कर भरलेला पाहिजे. परीक्षा घेणारा अधिकारी गोरा. तो काळ्या शिक्षकालाही नापास करी. गोऱ्यांचे वर्चस्व कायद्याच्या चौकटीत बसवणे हाच आपला हेतू आहे, असे त्या घटनासमितीच्या अध्यक्षाने भर सभेत सांगितले होते.

शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, पाणी पिण्याचे नळ वेगळे. ही विभक्तता अलाबामात कायद्याने चालत होती. आपल्या वाचकांना याहून अधिक वर्णनाची गरज नाही.

२

या राज्याच्या बार्बर काउंटीत, क्लायो नावाच्या लहान गावी २५ ऑगस्ट १९१९ रोजी वॉलेस जन्मला. घर फार सुस्थितीतले नव्हते. मुलगा बुटका, चपळ आणि भांडखोर. शाळेत असताना मुष्टियुद्धात तो राज्याचा विजेता ठरला. १९४२ साली अलाबामा विद्यापीठातून त्याने कायद्याची पदवी घेतली. दुसऱ्या महायुद्धात तो बॉम्बफेकी विमानावर होता. १९४६ साली तो राज्याच्या विधानसभेवर निवडून आला आणि पुढे १९५३ पासून न्यायाधीश झाला.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तरुणपणीचा वॉलेस हा दक्षिणेच्या मानाने मवाळ पुढारी समजला जाई. टस्कीगी या काळ्यांच्या प्रख्यात शिक्षणसंस्थेच्या विश्वस्त मंडळावर त्याने आपण होऊन नेमणूक मागून घेतली होती. १९४८ साली डेमॉक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनातून दक्षिणेचे अनेक प्रतिनिधी काळ्यांच्या हक्कांच्या ठरावावर चिडून बाहेर पडले. वॉलेस बाहेर पडला नाही. तो न्यायाधीश असताना जे. एल. चेस्टनट नावाचा काळा वकील त्याच्या कोर्टात उभा राही. गोरे वकील काळ्या वकिलाला नुसत्या नावाने पुकारीत. वॉलेस त्याला "मिस्टर चेस्टनट" म्हणे. आपल्याला असे म्हणणारा तो पहिला न्यायाधीश, अशी आठवण खुद्द चेस्टनट यांनी सांगितली आहे. "अरे रामा" आणि "रामराव" यांत काय अंतर आहे, हे ज्याच्या बापाला गावात आयुष्यभर एकेरी हाक ऐकावी लागली त्याला समजावून सांगावे लागत नाही.

१९५८ साली वॉलेस गव्हर्नरपदासाठी प्रथम उभा राहिला. त्या काळी अलाबामात डेमॉक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली की निवडणूक जिंकल्यासारखीच असे. प्रतिस्पर्धी जॉन पॅटरसन याच्या मागे कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्यांची दहशतवादी संघटना होती. वॉलेसला काळ्यांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेचा पाठिंबा मिळाला. वॉलेस हरला. काळ्यांना शिव्या घालण्यात आपण कमी पडलो, यापुढे कोणी आपल्या वरचढ होणार नाही, अशा अर्थाचे उद्गार त्याने त्या रात्री काढल्याचे त्याचे चरित्रकार सांगतात. त्याने पुढे ते नाकारले. उद्गार काढले असोत वा नसोत, पुढची चार वर्षे त्याने नेमके तेच केले.

येथे आपल्या अनेक भाबड्या समजुतींना धक्का बसतो. द्वेष अज्ञानातून येतो, शिक्षण वाढले की तो ओसरेल, असे आपल्याला नेहमी सांगण्यात येते. वॉलेस अज्ञानी नव्हता. काळा माणूस माणूस आहे हे त्याला पुरते ठाऊक होते आणि भर कोर्टात त्याने ते वागून दाखवले होते. त्याने द्वेष उचलला तो हिशेब करून. बाजारात कोणता माल खपतो हे पाहून व्यापारी दुकान भरतो, तसे. अज्ञानातून आलेला द्वेष कदाचित ज्ञानाने जाईलही. हिशेबातून आलेला द्वेष हिशेब बदलल्यावाचून जात नाही.

३

१९६२ ची निवडणूक वॉलेसने प्रचंड मतांनी जिंकली. १४ जानेवारी १९६३ रोजी मॉंटगोमेरीच्या विधानभवनासमोर त्याने शपथ घेतली. १८६१ साली फुटीर राज्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याने जेथे शपथ घेतली होती, ती जागा त्याने मुद्दाम निवडली. "विभक्तता आज, विभक्तता उद्या, विभक्तता सदैव" ही त्याची घोषणा त्याच भाषणातली. भाषण लिहून देणारा आसा कार्टर हा क्लॅनचा माणूस होता.

त्याच वर्षी ११ जूनला टस्कलूसा येथील अलाबामा विद्यापीठात व्हिव्हियन मलोन ही तरुणी आणि जेम्स हूड हा तरुण प्रवेश घेण्यासाठी आले. न्यायालयाचा हुकूम त्यांच्या बाजूने होता. वॉलेस स्वतः विद्यापीठाच्या फॉस्टर सभागृहाच्या दारात जाऊन उभा राहिला. दूरदर्शनचे कॅमेरे आधीच लावून ठेवले होते. कोणी कोठे उभे राहायचे याच्या खडूच्या खुणाही जमिनीवर होत्या. केंद्र सरकारचे अधिकारी निकोलस कॅट्झनबाख यांनी बाजूला होण्यास सांगितले. वॉलेसने राज्यांच्या हक्कांवर लांबलचक निवेदन वाचले. मग राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी राज्याचे नॅशनल गार्ड दल केंद्राच्या ताब्यात घेतले. जनरल हेन्री ग्रॅहॅम दुपारी आले आणि वॉलेस बाजूला झाला. दोन्ही विद्यार्थ्यांची नावे पटावर चढली. १९६५ साली व्हिव्हियन मलोन त्या विद्यापीठाची पहिली काळी पदवीधर झाली.

हे नाटक होते हे खरे. पण सत्तेवर बसलेल्या माणसाचे नाटक खेड्यापाड्यातले लोक खरे मानतात. राज्याचा प्रमुखच कायदा मोडायला दारात उभा राहतो म्हटल्यावर इतरांना कसली भीती? त्याच मध्यरात्रीनंतर शेजारच्या मिसिसिपी राज्यात मेडगर एव्हर्स या कार्यकर्त्याला त्याच्या घरासमोर गोळी घालून ठार मारण्यात आले. १५ सप्टेंबर १९६३ रोजी रविवारी बर्मिंगहॅममधील काळ्यांच्या चर्चमध्ये क्लॅनवाल्यांनी बॉम्ब उडवला. चार मुली मेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा वर्षांची. बॉम्ब वॉलेसने ठेवला नव्हता. पण ज्या हवेत असे बॉम्ब तयार होतात ती हवा त्याने तयार केली होती. आपल्याकडेही गावातली वस्ती जाळणारे हात एकाचे असतात आणि त्याला धीर देणारे भाषण दुसऱ्याचे असते. कोर्टात फक्त हात उभे राहतात.

४

१९६५ साली सेल्मा या गावी काळ्यांनी मताच्या हक्कासाठी चळवळ उभारली. फेब्रुवारीत जवळच्या मॅरियन गावात जिमी ली जॅक्सन या तरुणाला राज्य पोलिसाने गोळी घातली. काही दिवसांनी तो मेला. त्याच्या मृत्यूनंतर सेल्माहून राजधानीपर्यंत पायी मोर्चा नेण्याचे ठरले. मोर्चा होऊ द्यायचा नाही, असा गव्हर्नरचा हुकूम सुटला. ७ मार्च १९६५ रोजी एडमंड पेटस पुलावर वॉलेसच्या पोलिसांनी निःशस्त्र स्त्री-पुरुषांना लाठ्यांनी झोडपले, अश्रुधूर सोडला, घोडे घातले. जॉन लुईस या तरुण पुढाऱ्याचे डोके फुटले. हे सारे त्या रात्री अमेरिकेने घरोघरी दूरदर्शनवर पाहिले. २५ मार्चला डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक विधानभवनासमोर येऊन पोहोचले. वॉलेस आत खिडकीच्या पडद्याआडून पाहत राहिला. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकाराचा कायदा झाला. अलाबामातील मतदानयोग्य काळ्यांपैकी सुमारे १९ टक्क्यांची नावे तोवर यादीत होती. १९६७ पर्यंत ती सुमारे ५२ टक्क्यांवर गेली.

आता पँथरचा धागा. सेल्मा आणि मॉंटगोमेरी यांच्या मध्ये लाउन्ड्स नावाची काउंटी आहे. तेथे पाचांत चार माणसे काळी, पण १९६५ च्या आरंभी मतदार यादीत एकही काळे नाव नव्हते. नावे नोंदवायची, पण मत कोणाला द्यायचे? अलाबामात निरक्षरता फार, म्हणून मतपत्रिकेवर पक्षाची चिन्हे असत. वॉलेसच्या डेमॉक्रॅटिक पक्षाचे चिन्ह होते पांढरा कोंबडा, आणि त्यावर चक्क "गोऱ्यांचे वर्चस्व" असे शब्द छापलेले! तेव्हा लाउन्ड्सच्या काळ्या शेतकऱ्यांनी स्टोकली कारमायकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मदतीने आपला स्वतंत्र पक्ष काढला आणि चिन्ह घेतले काळा पँथर. १९६६ ची निवडणूक ते हरले. परंतु ते चिन्ह त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या तरुणांनी उचलले आणि ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला. त्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली.

म्हणजे आपण ज्याला बंडाचे प्रतीक मानतो, तो पँथर मुळात निवडणुकीचे चिन्ह होता. निरक्षर माणसाला आपले मत ओळखता यावे म्हणून काढलेले ते चित्र होते. १९७० साली त्याच लाउन्ड्समध्ये त्या पक्षाच्या उभारणीत पुढे असलेले जॉन ह्यूलेट शेरीफ म्हणून निवडून आले. ज्या पोलिसाला काळे भीत, त्या पोलिसाच्या जागी काळा माणूस बसला.

५

वॉलेसच्या मधल्या काळाबद्दल थोडक्यात सांगतो. लागोपाठ दुसऱ्यांदा गव्हर्नर होण्यास घटनेची मनाई होती, म्हणून १९६६ साली त्याने पत्नी लर्लीन हिला उभे केले. ती निवडून आली, राज्य तो चालवू लागला. तिला कर्करोग होता. १९६१ मध्येच डॉक्टरांना शंका आली होती, पण त्यांनी ती तिला न सांगता नवऱ्याला सांगितली आणि त्याने तिच्यापासून लपवली. पदावर असतानाच ७ मे १९६८ रोजी ती वारली. काळ्यांना माणूस न मानणाऱ्या सत्तेने घरातल्या गोऱ्या बाईलाही माणूस मानले नाही, एवढेच मला येथे नोंदवायचे आहे.

त्याच वर्षी वॉलेस तिसऱ्या पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला. पाच राज्ये त्याने जिंकली. सुमारे साडेतेरा टक्के, म्हणजे जवळजवळ ९९ लाख मते त्याला पडली. उत्तरेच्या कारखान्यांतले गोरे कामगारही त्याच्या सभांना गर्दी करीत. काळ्यांचे नावसुद्धा न घेता तो बोलायला शिकला होता. "राज्यांचे हक्क", "कायदा आणि सुव्यवस्था" असे सोज्ज्वळ शब्द तो वापरी आणि ऐकणाऱ्याला त्यांचा अर्थ बरोबर कळे. ही भाषा पुढे मोठ्या पक्षांनी उचलली. वॉलेस राष्ट्राध्यक्ष झाला नाही, पण त्याची भाषा वॉशिंग्टनला पोहोचली.

६

१५ मे १९७२ रोजी मेरीलँड राज्यातील लॉरेल येथे प्रचारसभेनंतर आर्थर ब्रेमर या गोऱ्या तरुणाने वॉलेसवर गोळ्या झाडल्या. तो वाचला, पण कमरेखालचे शरीर कायमचे निकामी झाले. पुढची सव्वीस वर्षे त्याने चाकांच्या खुर्चीवर आणि वेदनांत काढली. इस्पितळात त्याला भेटायला शर्ली चिझम गेल्या. त्या काँग्रेसमधल्या पहिल्या काळ्या स्त्री सभासद आणि त्या वर्षी त्याच पक्षाच्या उमेदवारीसाठी त्याच्याविरुद्ध उभ्या. त्यांच्याच अनेक अनुयायांना ही भेट रुचली नाही.

१९७४ साली वॉलेस पुन्हा निवडून आला. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस तो काळ्यांच्या चर्चमध्ये जाऊ लागला. मॉंटगोमेरीत डॉ. किंग ज्या चर्चचे पाद्री होते, तेथेही तो गेला आणि त्याने क्षमा मागितली. १९८२ साली तो चौथ्यांदा गव्हर्नर झाला. या वेळी काळ्या मतदारांनी त्याला मोठ्या प्रमाणावर मते दिली. त्याने अनेक काळ्या स्त्री-पुरुषांना सरकारी पदांवर नेमले. १९९५ साली सेल्मा मोर्चाच्या तिसाव्या स्मरणदिनी तो जुन्या मोर्चेकऱ्यांना भेटायला आला. १९६५ साली मोर्चाचे मागणीपत्र त्याच्याकडे घेऊन गेलेले जोसेफ लोअरी तेथे त्याचा हात हातात धरून बसले. १९९६ साली व्हिव्हियन मलोन यांना धैर्यासाठी पुरस्कार देण्यात आला. पुरस्काराला नाव लर्लीन वॉलेसचे होते आणि देणारा होता दार अडवणारा तो जॉर्ज वॉलेस. १३ सप्टेंबर १९९८ रोजी तो मेला, तेव्हा पुलावर ज्यांचे डोके फुटले होते त्या जॉन लुईस यांनी लेख लिहून त्याला क्षमा केली.

७

मग हा पश्चात्ताप खरा की खोटा? गोऱ्या वर्तमानपत्रांना ही कथा फार आवडली. पापी माणूस, गोळी, वेदना, पश्चात्ताप, क्षमा. या कथेत काळ्यांचे काम एकच उरते, ते म्हणजे क्षमा करणे. मला ही मांडणी मान्य नाही.

तारखा एकापुढे एक ठेवून पाहा. १९५८ साली काळ्यांपाशी मते नव्हती, तेव्हा माणुसकी वॉलेसला महाग पडली आणि त्याने ती टाकून दिली. १९८२ साली काळ्यांपाशी मते होती, तेव्हा त्याला ती परत घ्यावी लागली. मधल्या काळात त्याला शारीरिक यातना झाल्या आणि त्या यातनांनी त्याच्या मनात काही हलवले असेल, हे मी नाकारत नाही. दुःख माणसाला शिकवते. पण १९६५ चा कायदा झाला नसता, तर त्या हललेल्या मनाला काळ्यांच्या दारात जाण्याची वाट कोणी दाखवली असती? आधी पूल, मग कायदा, मग मत आणि सर्वांत शेवटी हृदय, असा हा क्रम आहे.

बाबासाहेबांनी हा क्रम कितीतरी आधी ओळखला होता. १९३२ साली अस्पृश्यता निवारणाच्या कामासाठी निघालेल्या संघाचे चिटणीस ठक्कर यांना बाबासाहेबांनी पत्र लिहिले. दलितांना सद्गुण शिकवत बसू नका, विहिरी, शाळा, रस्ते यांवरच्या नागरी हक्कांची चळवळ गावोगाव करा; स्पृश्य हिंदू आपण होऊन विचार करणार नाही, पेच उभा राहिला तरच तो विचार करील, असा त्या पत्राचा आशय होता. हा सल्ला मानला गेला नाही. मने बदलण्याचा मार्ग सोयीचा वाटला, कारण त्यात कोणाचे काही जात नव्हते.

आणि क्षमेविषयी. जॉन लुईस यांनी क्षमा केली तेव्हा ते काँग्रेसचे सभासद होते. लोअरी यांनी हात हातात घेतला तेव्हा खुर्चीत असहाय बसलेला वॉलेस होता. हात पुढे करणारे उभे होते. क्षमा करण्यासाठी सुद्धा माणसाला आधी उभे राहावे लागते. ज्याच्यापाशी नाही म्हणण्याचा अधिकार नाही, त्याच्या क्षमेला क्षमा म्हणत नाहीत, लाचारी म्हणतात. ज्यांनी क्षमा केली नाही त्यांनाही दोष देता येणार नाही. त्या चार मुलींच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार कोणालाच नाही.

ही लढाई संपलेलीही नाही. २०१३ साली अलाबामातल्याच शेल्बी काउंटीने केलेल्या दाव्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्या कायद्यातील एक महत्त्वाचे संरक्षण निकामी केले. ज्या राज्यांचा इतिहास वाईट, त्यांनी मतदानाचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची परवानगी घ्यावी, ही अट त्यामुळे गळून पडली. वॉलेसने माफी मागितली, पण राज्याने माफी मागितली म्हणून कायदा सुरक्षित राहिला नाही.

टस्कलूसाच्या त्या सभागृहासमोर २०१० साली व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड यांच्या नावाचा चौक झाला. ज्याने दार अडवले त्याचे नाव त्या चौकाला नाही.

म्हणून अभ्यासवर्गातल्या त्या तरुणाला मी सांगतो : हो, माणूस बदलतो. पण त्याच्या बदलण्याची वाट पाहत दारात बसू नकोस. तू आत जा. तो बदलला तर चांगलेच आहे. तेव्हा त्याला क्षमा करायची की नाही ते तू ठरव.